परभणीतून राष्ट्रीय परिषदेला जायचं तर काय घेऊन जायचं?

परभणीत स्वतःचं लहानसं क्लिनिक चालवणाऱ्या एका तरुण वाचा-उपचारतज्ज्ञाने विचारलं आहे: "राष्ट्रीय परिषदेला जाण्यात आमच्यासारख्यांचा फायदा आहे का? नोंदणी, प्रवास, राहणं धरून खर्च मोठा, शिवाय चार-पाच दिवस पेशंट बंद. तिथले विषय मोठ्या शहरांतले, मोठ्या यंत्रांचे. पेपर द्यावा म्हटलं तर पाठीशी ना संस्था, ना गाईड. विषय तरी कुठून आणू?"

जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. नुसतं ऐकायला गेलात तर तुमची शंका बऱ्याच अंशी खरी ठरेल. पण आपल्या ओपीडीतलं एखादं काम, पोस्टरएवढं का होईना, सोबत असेल तर तेच दिवस वेगळे जातात. लोक थांबून वाचतात, उणिवा दाखवतात, आपल्याकडचे पेशंट कसे आहेत ते सांगतात. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला एरवी वर्षभर असं बोलायला कुणी मिळत नाही. विषयाचं म्हणाल, तर तुमच्या रजिस्टरमध्ये किमान तीन पडलेले आहेत. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आधी परिषदेबद्दल थोडक्यात. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनची ही वार्षिक परिषद, सगळे तिला इशाकॉन म्हणतात. ती दरवर्षी वेगळ्या शहरात आणि साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत भरते. वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकाच मांडवाखाली असतात. पाहुण्यांची व्याख्यानं, समांतर सभागृहांत पेपरवाचन, पोस्टर, आदल्या दिवशीच्या कार्यशाळा, विद्यार्थ्यांची प्रश्नमंजुषा, संघटनेची सर्वसाधारण सभा आणि श्रवणयंत्र कंपन्यांचे स्टॉल असा एकूण पसारा. भारतीय पुनर्वास परिषदेकडच्या आपल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला सीआरई (सतत पुनर्वसन शिक्षणाचे) गुण लागतात. ते या परिषदेत किती मिळणार आहेत हे माहितीपत्रकात बघून घ्या. पण निव्वळ गुणांसाठी इतक्या लांब जायची गरज नाही, ते जवळपासच्या कार्यक्रमांतूनही जमतात.

आपल्याला तिथले विषय परके वाटतात याचं कारण साधं आहे. आपल्या क्षेत्रातल्या मोठ्या संस्था म्हणजे मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, म्हणजे आयिश, १९६५ साली सुरू झालेली. मुंबईत नायर रुग्णालयाचा विभाग आणि १९८३ सालची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था. संशोधन करणारी माणसं तिथे असतात, त्यामुळे अभ्यासात येणारे पेशंटही बहुतेक त्या शहरांतले. मराठीत जी चाचणीसामग्री आपण वापरतो ती प्रमाण मराठीवर बेतलेली आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत लेकरं काय बोलतात, पक्षाघात झालेला माणूस काय खातो, थेरपीला येणं कधी आणि का तुटतं, हे ज्याला रोज दिसतं त्यानेच लिहायला हवं. ते दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही.

पहिला विषय उच्चारांचा. गंगाखेड-जिंतूरकडचं पाच वर्षांचं लेकरू चित्र बघून "पानी", "लोनी", "साळा", "इहीर" म्हणतं. छापील चाचणी घेऊन बसलात तर ण, श आणि व या तिन्ही ध्वनींपुढे फुली पडते. आता त्याच्या आईला आणि आजीला तीच चित्रं दाखवा. त्याही "पानी" आणि "साळा"च म्हणतील. म्हणजे लेकराचा उच्चार त्याच्या घराप्रमाणे अगदी बरोबर आहे आणि त्याला थेरपीची काही गरज नाही. हेच लेकरू "साळा"ऐवजी "ताळा" म्हणत असेल तर गोष्ट निराळी. घरात तसं कुणी बोलत नाही, घर्षण होऊन निघायचा ध्वनी तो अडवून काढतोय, आणि या वयात ते बघायलाच हवं. हा फरक आपण ओपीडीत मनातल्या मनात करतो. पण बाहेरून आलेल्या, किंवा नुकत्याच पदवी घेतलेल्या माणसाला तो करता येईल असं लिहिलेलं फारसं काही हाताशी नसतं. शाळेच्या तपासणीत अशी लेकरं "बोबडी" म्हणून पाठवली जातात, हे तुम्हीही बघत असाल.

याचा अभ्यास करायला महागडं काही लागत नाही. एखाद्या अंगणवाडीतली चार ते सहा वयाची, एरवी काही तक्रार नसलेली तीस-चाळीस लेकरं घ्या आणि प्रत्येकाच्या घरातलं एक मोठं माणूस. दोघांना तीच चित्रं दाखवा, मोबाईलवर शांत खोलीत रेकॉर्ड करा. कोणते बदल दोघांतही आहेत आणि कोणते फक्त लेकरांत आहेत, याचा तक्ता मांडा. एक पथ्य मात्र पाळा. रेकॉर्डिंग दुसऱ्या एका थेरपिस्टला स्वतंत्रपणे ऐकायला द्या आणि दोघांचं किती वेळा जुळलं ते लिहा. परिषदेत पहिला प्रश्न हाच येतो, आणि यायलाच हवा.

याच विषयाला लागून घरच्या भाषेचा प्रश्न आहे. तांड्यावरचं बंजारा लेकरू अंगणवाडीत येईपर्यंत गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, वाढलेलं असतं. त्याची भाषा मराठीतून तपासली तर दीड-दोन वर्षं मागे दिसते. आईला शेजारी बसवून गोरमाटीत बोलतं केलं की कित्येकदा वाक्यंच्या वाक्यं येतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, निलंगा-उदगीरच्या सीमेवर कन्नड, आणि जवळपास प्रत्येक शहरात दख्खनी उर्दू. दख्खनी बोलणाऱ्या घरातलं लेकरू "क़लम"चा "ख़लम" करतं तेव्हा तो दख्खनीचाच उच्चार असतो. त्यामुळे अहवालात घरची भाषा, अंगणवाडीची भाषा आणि चाचणीची भाषा अशा तीन वेगळ्या नोंदी करायची सवय लावा. एवढ्या नोंदी वर्षभर नीट ठेवल्या तरी त्यातून एक पोस्टर उभं राहतं.

दुसरा विषय गिळण्याचा. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण याच्या पहिल्या टप्प्याला पेशंट लागतच नाही.

पक्षाघातानंतर किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्याने ठसका लागतो, आणि आपण सांगतो की पातळ देऊ नका, घट्ट करून द्या. किती घट्ट? त्यासाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, इड्सी नावाची, शून्य ते सात पातळ्यांची. पातळ पदार्थ मोजायची तिची रीत अगदी साधी आहे. १० मिलिची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालच्या टोकाला बोट लावून १० मिलिपर्यंत पदार्थ भरायचा, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बोट लावून किती उरलं ते वाचायचं. १ मिलिपेक्षा कमी उरलं तर तो पाण्यासारखा पातळ. १ ते ४ उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं तर तिसरी. काहीच वाहिलं नाही तर चमच्या-काट्याच्या चाचणीकडे जायचं. सिरिंज मात्र ठरलेल्या मापाची हवी: शून्यापासून १० मिलिच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर. मेडिकलमधून आणलेली सिरिंज पट्टीने मोजून घ्या, कारण कंपनीगणिक लांबी बदलते.

पाठ्यपुस्तकात घट्टपणासाठी तयार पावडर सांगितलेली असते. ती महाग असते आणि तालुक्याच्या मेडिकलात मिळत नाही. आपल्या पेशंटच्या घरी काय असतं? ज्वारीच्या पिठाची आंबील, हुलग्याचं माडगं, ताक, वरणाचं पाणी, दुधात कुस्करलेली भाकरी. यातलं काय कोणत्या पातळीत बसतं? एक वाटी पाण्याला किती चमचे पीठ घातलं की आंबील दुसऱ्या पातळीची होते? ती गरम असताना आणि निवल्यावर फरक किती पडतो? पिठातलं पिष्टमय द्रव्य निवताना दाटतं, त्यामुळे चुलीवरून उतरवताना मोजलेली आंबील पेशंटच्या तोंडात जाईपर्यंत तीच राहत नाही. कण्या किंवा भरड राहिली तर सिरिंजचं टोक अडतं आणि मोजमाप फसतं. म्हणून पीठ चाळून घ्यायचं की नाही हे लिहून ठेवावं लागतं, आणि पेशंटसाठी तर गुठळीविरहितच हवं.

आणखी एक गोष्ट इथे येते, आणि नातेवाइकांना सांगायला ती फार उपयोगी आहे. लाळेत अमायलेज असतं, ते पिष्टमय द्रव्य फोडतं. तोंडात जाऊन आलेला चमचा वाटीत पुन्हा पुन्हा बुडवला की वाटीतली आंबील हळूहळू पातळ होत जाते. जेवण सुरू करताना सुरक्षित असलेली आंबील शेवटच्या घासांना तेवढी सुरक्षित राहत नाही. झँथन गमपासून केलेल्या तयार पावडरीत हा प्रश्न येत नाही. म्हणून आंबील थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून द्यायची आणि उष्टा चमचा मोठ्या भांड्यात घालायचा नाही. हे तुम्ही मोजून दाखवू शकता: स्वच्छ चमचा, उष्टा चमचा, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी. घरातला ओटा, सिरिंज, थर्मामीटर आणि घड्याळ एवढ्यावर होणारा हा अभ्यास आहे, आणि ज्वारी पिकते त्या प्रत्येक भागातल्या थेरपिस्टला त्याचा उपयोग होईल.

तक्ता तयार झाला म्हणून लगेच पेशंटला लागू करू नका. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि नाकातून दुर्बीण घालून किंवा क्ष-किरणाखाली गिळणं बघायची सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. ताप, बदललेला ओलसर आवाज, वाढलेला श्वास याकडे लक्ष ठेवायला घरच्यांना शिकवा आणि शंका आली की मोठ्या रुग्णालयात पाठवा. पोस्टरवरही ही मर्यादा स्पष्ट लिहा. ती लिहिल्याने काम कमी होत नाही, वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

तिसरा विषय ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, गेवराई, आणि तुमच्याकडे सोनपेठ-गंगाखेडमधूनही टोळ्या कारखान्याला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऑगस्टमध्ये श्रवणयंत्र बसवलेलं लेकरू नोव्हेंबरात फडावर जातं. तिथे धूळ, दव, आणि सेल संपला तर जवळ दुकान नाही. आठवड्याची थेरपी पाच-सहा महिने बंद. ऐकू न येणाऱ्या बाळाबाबतचं सगळीकडे शिकवलं जाणारं वेळापत्रक असं आहे: महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. ज्या कुटुंबाचं अर्धं वर्ष फडावरच्या कोपीत (झोपडीत) जातं त्याने ते कसं पाळायचं? आई-वडिलांना निष्काळजी म्हणून मोकळं होणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की उचल घेतलेली असते, मुकादमाला शब्द दिलेला असतो, त्यांच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

तुमच्या रजिस्टरमधून मागची दोन-तीन वर्षं काढा. किती लेकरं ऑक्टोबरनंतर यायची थांबली, त्यातली किती एप्रिलनंतर परत आली, आजीजवळ मागे राहिलेल्यांचं काय झालं, जाण्याआधी हंगामभराचे सेल आणि यंत्र कोरडं ठेवायची डबी दिलेल्यांची यंत्रं चालू राहिली का, मोबाईलवर आवाज पाठवून घरचा अभ्यास देता आला का. जुन्या नोंदींवरचा हा अभ्यास आहे, तो एकट्याला जमतो. आणि नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत ही लेकरं इथे नसतात, त्यामुळे निदान त्यांच्यापुरती तरी परिषदेला जाताना तुमची गैरहजेरी कुणाला भोवत नाही.

मामा-भाचीच्या आणि मामे-आते भावंडांच्या लग्नांतून येणारा बहिरेपणा हा आपल्याकडचा चौथा मोठा विषय आहे. पण त्याला वंशावळ, जनुकतपासणी आणि समुपदेशन लागतं. वैद्यकीय महाविद्यालयाची साथ असल्याशिवाय त्यात हात घालू नका.

नैतिकतेच्या बाजूबद्दल मी कडक आहे. लेकराचा चेहरा, आवाज, नाव यांपैकी काहीही पालकांच्या लेखी संमतीशिवाय पडद्यावर जाता कामा नये. संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवं आणि वाचून दाखवायला हवं; अंगठा असेल तर साक्षीदार हवा. "डॉक्टर म्हणतील तसं" हे उत्तर म्हणजे संमती नव्हे. "नाही म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहतील" हे वाक्य मोठ्याने सांगा आणि मग थांबा. लेकरांचा किंवा पेशंटचा अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची परवानगी घ्या. तुमची स्वतःची समिती असणार नाही, पण अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागाकडे जा. सहलेखक म्हणून एखादे प्राध्यापक सोबत आले की गाईडचा प्रश्नही सुटतो.

पेपर किंवा पोस्टरचा सारांश पाठवायची मुदत परिषदेच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून पावसाळ्यातच काम हातात घ्या. शब्दमर्यादा आणि नमुना माहितीपत्रकात असतो, तो अक्षरशः पाळा. गरज काय, केलं काय, कुणावर, मिळालं काय, एवढं चार-पाच वाक्यांत स्पष्ट हवं. "निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल" असं लिहिलेला सारांश माझ्या हातात आला तर मी परत पाठवीन. आकडे आधीच हवेत, थोडे असले तरी चालतील. लिखाण इंग्रजीत करावं लागतं. ते एखाद्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या, पण बोलायची भीती बाळगू नका. पोस्टरपुढे उभं राहून साध्या इंग्रजीत किंवा हिंदीत सांगितलेलं काम लोकांना नीट कळतं. पहिल्या वर्षी पेपरपेक्षा पोस्टरच द्या. सभागृहात तुम्हाला मोजकी मिनिटं मिळतात, पोस्टरपाशी माणूस निवांत थांबतो.

तिथे गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. आदल्या दिवशीची एक कार्यशाळा निवडा, जिच्यातलं काम तुम्ही परत येऊन दुसऱ्या आठवड्यात करू शकाल अशी. गिळण्याची प्रत्यक्ष तपासणी, तोतरेपणावर पालकांसोबत करायचं काम, स्वरयंत्र काढलेल्या पेशंटला बोलतं करणं, यांतलं काही असेल तर पैसे वसूल होतात. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली तरी आपल्या ओपीडीतले तोंड न उघडणारे पेशंट कमी झालेले नाहीत, तेव्हा गिळण्याचा विषय तुम्हाला लागणारच. एखाद्या नावाजलेल्या पद्धतीचं प्रमाणपत्र विकणाऱ्या महागड्या कार्यशाळेत मात्र आधी विचारा: हिचा पुरावा काय, कुणावर तपासली? आपल्याकडे उच्चार सुधारावेत म्हणून मेणबत्ती विझवणं, फुगे फुगवणं, जीभ बाहेर काढून फिरवणं आजही सर्रास दिलं जातं. बोलण्याशिवायच्या अशा तोंडाच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. उच्चार शिकवायचा तर उच्चारच करवून घ्यावा लागतो. पालकांची पदरमोड होत असते, त्यामुळे हा प्रश्न भर सभागृहात विचारायला संकोच नको.

स्टॉलवर जरूर जा, पण प्रश्न तयार ठेवून. हे यंत्र दुरुस्तीला कुठे पाठवायचं, किती दिवस लागतात, तोवर पर्यायी यंत्र मिळतं का, परभणीपर्यंत कुणी येतं का. संवादासाठीची टॅबलेटवरची साधनं बघाल तेव्हा मराठी आवाज लावून दाखवायला सांगा.

खर्चाचं: लवकर नोंदणी केली तर शुल्क कमी पडतं. सदस्यत्व आधी घेतलं तर आणखी फरक पडतो. परिषद दक्षिणेत असेल तर नांदेडहून आणि लातूरहून बंगळुरूकडे थेट गाड्या आहेत, फक्त आरक्षण खुलं झाल्याबरोबर करा. खोली दोघा-तिघांत घ्या. तुमचे काही वर्गमित्र जिल्हा रुग्णालयाच्या लवकर निदान केंद्रात कंत्राटावर असतील, त्यांना रजेची अडचण येते. सारांश स्वीकारल्याचं पत्र अर्जाला जोडलं तर वरिष्ठांना परवानगी द्यायला आधार मिळतो. अभ्यास दोघांनी मिळून केला तर दोघांचीही नावं लागतात.

आंबीलपासून सुरुवात करणार असाल तर तीन घरांतलं ज्वारीचं पीठ वेगवेगळं आणा, प्रत्येक मोजमाप तीनदा घ्या आणि तापमान प्रत्येक वेळी लिहा. मी लातूरला तेच मोजमाप इथल्या पिठावर करून देईन, म्हणजे दोन जिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवता येतील. संमतीपत्राचा मराठी आणि दख्खनी नमुना माझ्याकडे आहे. गोरमाटीतला करायचा आहे, त्यासाठी तुमच्या भागातल्या तांड्यावरच्या एखाद्या अंगणवाडीताईंना विचारून बघा.